हात बर्निसचा, पाय काझचे

गॅरेजमध्ये घसरून काझ ग्रॅबोव्स्कीचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा त्याच्या बायकोच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, “सांगितलं होतं ना, मोजे घालून बंपरवर चढू नकोस म्हणून!” फार दुखतंय का, हेही बर्निसने विचारलं, नाही असं नाही, पण ते इस्पितळाच्या वाटेवर, सिग्नल लागला तेव्हा. काझने मात्र जमिनीवर आडवं पडल्यापडल्या एकच गोष्ट विचारली होती.

“गाडीला कुठे ओरखडा नाही ना गेला?”

गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची गाडी. स्टेफान ग्रॅबोव्स्कीने सगळा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात इंजिनं जोडण्यात घालवला आणि एकोणसत्तर साली एकदाच काय ती स्वतःसाठी चैन केली. गर्द निळी, छप्पर मागे दुमडणारी, लांबलचक नाकाची, आठ सिलिंडरची. चालू केली की शेजारच्यांच्या कपाटातल्या बशा वाजायच्या. वडील गेल्यावर ती काझकडे आली, आणि तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून आलं की तळ्याच्या रस्त्यावर एक फेरी, मग अंघोळ, मग पांघरूण. हा सगळा सोपस्कार गाडीचा. काझची अंघोळ त्यानंतर, वेळ उरला तर.

इतक्या वर्षांच्या संसारात बर्निसचा हात त्या गाडीला लागला होता तो पुसायच्या फडक्यापुरता. ती बिचारी आपली गिअर आपोआप बदलणारी घरगाडी चालवायची. “तुझ्या त्या गाडीत पाय नुसते शोभेला असतात,” असं काझ म्हणायचा.

मनगट मोडायला एरवी कुठलीही वेळ चालली असती. पण जुलैतल्या मिरवणुकीला तीन आठवडे राहिले होते आणि यंदा मिरवणुकीची मानकरी होती काझची आई. चर्चच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर जेवढ्या पिरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, वळल्या तेवढ्या एका ओळीत मांडल्या असत्या, तर कॉर्बिन लेक गावाला दोनदा वेढा पडला असता. गावाने तिचा मान करायचा ठरवला, तेव्हा म्हातारीने एकच अट घातली होती. “बसेन तर स्टेफानच्या गाडीत. नाहीतर घरी बसेन.”

रात्रीच्या जेवणाला काझ डाव्या हाताने सूप पीत होता. निम्मं शर्टावर सांडत होतं.

“वॉल्टला सांगू या की,” बर्निस म्हणाली. वॉल्ट म्हणजे काझच्या बहिणीचा, लिओनाचा नवरा.

काझने चमचा खाली ठेवला. “वॉल्ट? ज्याने होडी पाण्यात सोडताना स्वतःची गाडीपण तळ्यात सोडली, तो वॉल्ट?”

“मग मी चालवते.”

काझ हसला. मग त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. पण उशीर झाला होता. पुढचं सगळं जेवण भांड्यांच्या आवाजात पार पडलं.

सकाळी मात्र तो मोठ्या उत्साहात उठला. “बर्निस, सुचलं! माझे पाय धडधाकट आहेत. डावा हातही. स्टिअरिंग मी धरतो, क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर माझे. फक्त गिअरची दांडी उजव्या हाताला आहे. ती तू शेजारी बसून टाकायची. मी सांगेन तसा हात हलवायचा, बस. हात तुझा, डोकं माझं.”

“नेहमीसारखंच म्हण की,” बर्निस म्हणाली, पण ती तयार झाली. काझला त्याचं नवल वाटलं. खरं तर बर्निसला ती दांडी हातात धरून बघायची होती; त्या दांडीत असं आहे तरी काय, की नवरा तिच्यावर बायकोपेक्षा जास्त वेळा हात फिरवतो!

बंद पडलेल्या बोलिंग क्लबसमोरच्या मोकळ्या आवारात शिकवणी सुरू झाली.

“हे बघ. पहिला डावीकडे वर. तिथूनच सरळ खाली दुसरा. मग मधे येऊन उजवीकडे वर तिसरा, त्याच्याखाली चौथा. रिव्हर्स पहिल्याच्याही डावीकडे, पण मुठीखालचा हा खटका वर ओढलास तरच. आणि मी क्लच दाबल्याशिवाय काहीही करायचं नाही. समजलं?”

“तू दाबलास हे मला कसं कळणार?”

“मी आकडा सांगेन. एक म्हटलं की पहिला. दोन म्हटलं की दुसरा. पोरंसुद्धा करतील.”

पहिल्या दिवशी गाडीच्या पोटातून असे आवाज आले, की आवाराच्या कडेला बसलेली बदकं उठून तळ्यावर गेली. काझ प्रत्येक घर्र्र आवाजाला डोळे मिटून घ्यायचा, जणू कुणी त्याचीच दाढ उपटतंय. पण बर्निसचा हात हळूहळू बसत गेला. तिसऱ्या दिवशी एकापाठोपाठ एक गिअर लोण्यासारखे पडले. काझ इतका खूष झाला, की परत येताना कॉफी पाजतो म्हणाला. तिथेच घोळ झाला.

कॉफीच्या दुकानाच्या खिडकीशी गाडी उभी, इंजिन चालू. आतल्या बाईने विचारलं, “किती कॉफी?”

“दोन,” काझ म्हणाला.

बर्निसने इमानाने दुसरा टाकला. क्लचवर पाय नव्हता. घर्र्र!

“अगं, कॉफी दोन! कॉफी!”

“मग तसं म्हणायचं! आणि साखर?”

“एक,” काझ म्हणाला.

घर्र्र!

दुकानातली बाई खिडकीतून मागे सरकली. काझने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. त्याने हॉर्न वाजला, आणि वाजतच राहिला.

घरी आल्यावर आकडे बाद झाले. “आकडे लोक सारखे बोलत असतात,” काझ म्हणाला. “मिरवणुकीत कुणी विचारलं आईचं वय किती, तर संपलंच. दुसरे शब्द पाहिजेत. तुझ्या लक्षात राहतील असे.”

“घरातली नावं ठेव. ती मी मेले तरी विसरणार नाही.”

मग दोघं ओट्याशी बसली आणि बऱ्याच वर्षांत हसली नव्हती इतकी हसली. पहिला गिअर म्हणजे आई, यावर दोघांचं ताबडतोब एकमत झालं. दुसरा म्हणजे फादर. चर्चमधले फादर झिगमंड, कारण तो गिअर नेहमी शांतपणे खाली बसतो. तिसरा लिओना, एकदा लागली की थांबायचं नाव नाही. आणि रिव्हर्स वॉल्ट. यावर कुणी स्पष्टीकरण मागितलं नाही. चौथ्याची गावात गरज नव्हती, त्याला नाव मिळालं नाही.

“आईला टाक!” “फादर!” “लिओना! छान! आता परत फादर!” बोलिंग क्लबच्या आवारात पुढचे दोन आठवडे असा कुटुंबाचा उद्धार चालला. बर्निसला आता काझने सांगायच्या आधीच इंजिनाच्या आवाजावरून कळायला लागलं. काझचा डावा पाय खाली जायचा आणि तिचा हात आपोआप वळायचा. संसारात जे जमलं नाही ते गाडीत जमतंय, असं काझच्या मनात आलं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, इतपत शहाणपण त्याला होतं.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन चकचकीत होतं. आई चंदेरी मुकुट घालून, छातीवर निळा पट्टा लावून, मागच्या सीटच्याही वर, दुमडलेल्या छपरावर चढून बसली. मांडीवर गोळ्यांची परडी. या दिवसासाठी तिने कानातल्या यंत्राला नवे सेल घातले होते, ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही आणि कुणी विचारलीही नाही. पुढे आगीचा बंब, मागे शाळेचं बँडपथक, मधे निळी गाडी.

“आईला टाक,” काझ हळूच म्हणाला. गाडी अलगद निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. आईने मूठभर गोळ्या उधळल्या.

काझने एक गोष्ट मात्र हिशेबात धरली नव्हती. मिरवणूक चालत नाही. ती थांबते, आणि मधूनमधून चालल्यासारखं करते. बंब दहा पावलं गेला की थांबायचा. दर वेळी गिअर सोडायचा, पुन्हा टाकायचा. बंबाचा भोंगा आणि मागचे ढोल यांच्यावरून आवाज जावा म्हणून काझ ओरडायला लागला.

“आईला सोड! सोड आईला!”

मागे गोळ्या उधळणारा हात थबकला.

“आता टाक! आईला टाक! जोरात!”

“टाकलं!”

“अडकली बघ आई! मी म्हटलं होतं, गरम झाली की ही अडून बसते!”

कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या लोकांनी आधी काझकडे पाहिलं, मग वर आईकडे. आई समोर बघत होती.

चर्चसमोर रस्ता जरा मोकळा झाला. पायऱ्यांवर पांढऱ्या झग्यात फादर झिगमंड आशीर्वादाला हात वर करून उभे होते.

“फादर!” काझ ओरडला. फादरनी हसून मान लववली. “खाली खेच! फादरला सरळ खाली खेच!”

फादरचा हात हवेतच राहिला. ते आपण होऊन एक पायरी मागे चढले.

“लिओना टाकू का?” बर्निसने विचारलं. तिलाही आता जोर चढला होता.

“नको! लिओना इथे नको! इथे ती आली की सगळं बंद पडेल!”

हे वाक्य नेमकं चर्चच्या पुढच्या कोपऱ्यावर पडलं, जिथे लिओना आणि वॉल्ट सकाळपासून जागा धरून बसले होते. लिओना टाळ्या वाजवायला उठली होती. ती तशीच, दोन तळहात एकमेकांपासून वीतभर लांब ठेवून, उभी राहिली.

आणि त्याच कोपऱ्यावर चढ लागतो. बंब चढावर थांबला आणि निघताना वीतभर मागे घसरला. मग हातभर. लाल बंबाची मागची शिडी निळ्या गाडीच्या नाकाकडे यायला लागली.

“वॉल्ट!” तो जिवाच्या आकांताने ओरडला. “वॉल्ट! वॉल्ट! लवकर!”

वॉल्ट मनाने सरळ माणूस. मेहुणा संकटात आहे आणि सगळ्या गावासमोर आपल्याला हाक मारतोय, एवढंच त्याला कळलं. त्याने हातातलं सॉसेज खुर्चीवर टाकलं, धावत गाडीच्या मागे गेला आणि दोन्ही तळहात डिकीला लावून, पाय रोवून, पुढे ढकलायला लागला.

बर्निसने खटका ओढून रिव्हर्स टाकला होता. तेवढ्यात तिची नजर आरशात गेली. “काझ! वॉल्ट मागे आहे!”

“माहीत आहे मागे आहे! मागेच जायचंय!”

“अरे, खरा वॉल्ट!”

काझने क्लच सोडला. आठ सिलिंडरपुढे वॉल्टचा काय पाड! तो ढकलतच होता, पण उलट्या दिशेने जात होता. त्याच्या बुटांच्या टाचा डांबरावरून घासत गेल्या. बँडपथक दोन्ही बाजूंना पांगलं. मोठा ढोल ज्याच्या गळ्यात होता त्याने ढोल टाकून उडी मारली, आणि वॉल्ट फट्ट आवाज करून त्या ढोलात बसला. काझने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी वॉल्टपासून वीतभरावर आचके देऊन बंद पडली.

बंब चढून पुढे निघून गेला. बँड थांबला.

“काझिमिर,” वरून आई म्हणाली. पूर्ण नाव तिने याआधी घेतलं होतं ते त्याच्या लग्नात. “आईला टाक, आईला सोड, हे काय चाललंय? माझ्या कानांत आज नवे सेल आहेत.”

काझने घाईघाईने मागे वळून सगळं सांगितलं. मनगट, कॉफी, आकडे, नावं. “आई म्हणजे तू नव्हेस गं! आई म्हणजे पहिला गिअर!”

“आणि पहिल्या गिअरला माझं नाव का?”

बर्निस चटकन वळली. “कारण तुमच्याशिवाय गाडी जागची हलत नाही, आई.”

म्हातारीने सुनेकडे पाहिलं. मग मुलाकडे. “तुझं कारण काय होतं?”

काझ खोटं बोलण्यात लहानपणापासून कच्चा. “तेच की,” तो म्हणाला. “म्हणजे... ताकद फार... आणि आवाजही...”

“उतर.”

“आई, मिरवणूक...”

“उतर म्हणते ना!”

काझ उतरला. प्लास्टरमधला हात गळ्यात घेऊन, पन्नाशी उलटलेला बाप्या, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा फुटपाथशी उभा राहिला. आई मात्र छपरावरून सीटवर, सीटवरून पुढे अशी, मुकुट सावरत, कुणाचाही हात न घेता शेजारच्या जागेवर आली. तोवर बर्निस सरकून स्टिअरिंगमागे बसली होती.

“बर्निस, तुला क्लच येत नाही!” काझ कळवळला.

“तीन आठवडे दुसरं काय बघतेय मी? तुझा डावा पायच तर बघतेय!”

“तुझ्या बापाने मला या बाजूला बसून रेडिओचं बटणसुद्धा फिरवू दिलं नाही,” आई पुढच्या काचेकडे बघत म्हणाली आणि तिने दांडीवर दोन्ही हात ठेवले. “सांग गं, कुठे ढकलू?”

पहिल्यांदा गाडी बेडकासारखी उडाली आणि बंद पडली. मुकुट आईच्या नाकावर आला. दुसऱ्यांदा इंजिन गुरगुरलं, बर्निसने ओठ चावत पाय इतक्या हळू वर घेतला, की बघणाऱ्यांनीही श्वास धरला. आणि गाडी निघाली. लोकांना आधीचं काही नीट कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, हा सगळा कार्यक्रमातलाच भाग असावा. असा टाळ्यांचा कडकडाट झाला की बँडने, एक ढोल कमी असताना, पुन्हा सूर धरला.

काझ गाडीबरोबर चालत राहिला. सवयीने लोकांना डावा हात हलवत राहिला. मिरवणूक जिथे संपते ते मैदान आलं. फाटकाशी झेंडे घेतलेले लोक आत वळायची खूण करत होते. बर्निस सरळ गेली.

“आत! आत वळव! थांब!” काझ पळायला लागला.

“थांबले तर पुन्हा निघायची नाही रे!” बर्निस ओरडली. मग आईचा आवाज आला, “दुसरा कुठे असतो?” मग एक बारीक घर्र्र, मग काहीच नाही, नुसता गर्जत लांब जाणारा आवाज. निळी गाडी तळ्याच्या रस्त्याला लागली आणि झाडांमागे गेली.

काझ मैदानाच्या बाकावर येऊन बसला. थोड्या वेळाने वॉल्ट आला. ढोलाचं एक लाकडी कडं अजून त्याच्या कमरेत होतं. लिओनाने दोघांशी अबोला धरला होता.

“काझ,” वॉल्ट म्हणाला, “बर्निस ओरडली, खरा वॉल्ट म्हणून. मग खोटा कुठला?”

“रिव्हर्स गिअर.”

वॉल्टने कमरेतलं कडं जरा वर ओढलं. “रिव्हर्सला माझं नाव का रे?”

काझने आज एकदा खरं बोलून पाहिलं होतं. “अडचणीच्या वेळी तोच उपयोगी पडतो,” तो म्हणाला. “बाकीचे काय, नुसते पुढे पळणारे.”

वॉल्टचे डोळे पाणावले. त्याने आपल्या सॉसेजचा अर्धा तुकडा मोडून काझला दिला.

उन्हं कलली तेव्हा गाडी आली. फाटकातून आत वळली, जरा घाईत, आणि गवतावर अचूक बंद पडली. आईचे केस पिंजारलेले होते, मुकुट नव्हता, निळ्या पट्ट्यावर आइस्क्रीमचा डाग होता. काझ आधी गाडीभोवती एक चक्कर मारून आला. ओरखडा नव्हता. मग त्याने विचारलं,

“होतात कुठे?”

“तळ्याला वळसा घातला,” बर्निस म्हणाली. “दोनदा. पहिल्यांदा थांबता येईना म्हणून.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा मी सांगितलं म्हणून,” आई म्हणाली. “तू जेवलास का?”

ऑगस्टमध्ये प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी मूठ वळवून पाहिली आणि आता खुशाल वाटेल ते करा म्हणाले. रविवारी चर्चमधून आल्यावर काझने गॅरेजमध्ये जाऊन पांघरूण काढलं आणि दार उघडून स्टिअरिंगमागे बसायला गेला. गुडघा स्टिअरिंगवर आपटला. सीट पार पुढे ओढलेलं होतं. आरसा वेगळ्याच उंचीवर होता. त्यात काझला स्वतःचा फक्त गळा दिसला. आणि पेडलपाशी बर्निसचे सपाट तळव्यांचे बूट जोडीने ठेवलेले होते, देवघरात ठेवावेत तसे नीट.

त्याने सीटखाली हात घालून खटका चाचपला. सापडला. ओढला की सीट मागे आलं असतं.

स्वयंपाकघरातून बर्निसचा आवाज आला. “आवरलं का? आईंनी दोनदा फोन केला, आज रविवार, अजून फेरीला आली नाहीस म्हणून. दारात येऊन उभ्या आहेत म्हणे!”

काझने खटक्यावरचा हात काढला. मग तो उतरला, गाडीच्या पुढून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला आणि दार ओढून बसला. बर्निस पर्स सावरत आली, बूट बदलले, किल्ली फिरवली. शेजारच्यांच्या बशा वाजल्या. तिने एका हाताने, न बघता, रिव्हर्स टाकला आणि गाडी सरळ रेषेत मागे घेतली.

काझने दोन्ही पाय सगळा जोर लावून खाली दाबले. त्या बाजूला ब्रेक नव्हता.